उरलेली माती

"आबा, मोतीबिंदू कोन्ता डोयाम्हा शे?" चहाचा ग्लास पुढे सरकवत कौतिकनं विचारलं.

हिलाल पाटलानं उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"काल तं डावा सांगा व्हता तुम्ही."

"दोन्हीम्हा शे," हिलाल म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून उठला. जळगावची बस यायला अजून वीस मिनिटं होती. पण टपरीवरची चार डोकी आता त्याचे दोन्ही डोळे न्याहाळत होती, आणि प्रत्येकाच्या घरी कुणाला ना कुणाला मोतीबिंदू झालेलाच होता.

एकच मोठं खोटं अकरा वर्षं सांभाळणाऱ्या माणसाला किरकोळ खोटी जमत नाहीत, हे असंच असतं.

"जळगावले जाई ऱ्हायनात तं डॉक्टरले सांगा," कौतिकनं मागून हाक दिली, "डोया असा बसाड, का आठून आबाले आफ्रिकानं तयं दिसाले पाहिजे! आते मासा किती व्हयनात त्याम्हा?"

टपरी हसली. एरवी हिलालही हसला असता. त्याचं तळं म्हणजे गावाची हक्काची करमणूक होती. सातपुड्याखालच्या त्या गावात जेसीबी चालवणारे पाच, पण परदेशात जाऊन तळं खणून आलेला एकच. पहिल्या वर्षी त्या तळ्यात नुसतं पाणी होतं. दुसऱ्या वर्षी बदकं आली. पुढे त्यावर डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया यायला लागल्या, आणि गेल्या पोळ्याला तर त्यानं त्यात एक पाणघोडा सोडला होता. ऐकणाऱ्यांनी वाढवायला सांगितलं की हिलाल वाढवायचा. आज मात्र तो काही न बोलता बस थांब्यापर्यंत गेला, तिथून परत आला, पिशवी चाचपली, पुन्हा थांब्याकडे गेला. पिशवीत एक जुनी वही होती. ती सकाळपासून चार वेळा घराच्या फळीवर ठेवली गेली होती आणि पाच वेळा पिशवीत गेली होती.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. हिलाल प्रत्येक कामाची नोंद ठेवायचा: किती तास, किती फूट लांब, किती रुंद, किती खोल. शेवटचा रकाना असायचा 'उरलेली माती'. हा रकाना तालुक्यात दुसरा कुणी ऑपरेटर ठेवत नसेल. खड्डा खणला आणि तीच माती परत लोटली, तरी ती सगळी मावत नाही. दाबून बसलेली माती मोकळी झाली की फुगते. किती फुगते हे हिलालला पाठ होतं. एवढ्या खड्ड्याला एवढी बकेटं उरणार, म्हणजे उरणारच. एकदा हितेंद्रच्या केळीत पाइपलाइनचा चर बुजवून झाल्यावर हिलालनं काठावरचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "चार इंची सांगा व्हता ना? सहा इंची टाका का रे?" हितेंद्र बघतच राहिला. पाइप खरोखरच ऐन वेळी बदलला होता. तेव्हापासून लोक म्हणायचे, आबाला मातीच सांगते.

आणि दुसरी त्याची रीत. पहिलं बकेट मारायच्या आधी तो मशीनवरून उतरायचा, ईशान्येच्या कोपऱ्यात, खणायच्या रेषेबाहेर, वीतभर खड्डा करायचा, त्यात हळद-कुंकू, सुपारी आणि एक रुपयाचं नाणं ठेवायचा, आणि काय काम आहे ते जमिनीला सांगायचा. विहीर असेल तर विहीर, पाया असेल तर पाया. "तिले जखम कराना पहिले इचारनं पडस," असं तो म्हणायचा. घाईतला शेतकरी वैतागायचा, पण हिलाल सांगितल्याशिवाय बकेट टेकवत नसे.

तिकडेही त्यानं हे केलं होतं. देशाचं नाव न सांगण्याची सूचना त्याला होती, म्हणून आपणही 'तिकडे'च म्हणू. एका ठेकेदारानं तीन भारतीयांना नेलं होतं: एक ड्रायव्हर, एक स्वयंपाकी आणि हिलाल. रस्त्याचं काम होतं. एके दिवशी गणवेशातली माणसं आली आणि ठेकेदाराशी बोलली. मग हिलालला टेकडीमागे नेऊन जागा दाखवली. चाळीस फूट लांब, दहा रुंद, आठ खोल. कशाला, असं विचारल्यावर दुभाषा म्हणाला, तळं. गावासाठी. हिलालनं स्वयंपाक्याच्या डब्यातून चिमूटभर हळद आणली. सुपारी तिथे कुठली मिळायला! खिशातला रुपया ठेवला आणि जमिनीला सांगितलं, तळं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला तेच तळं बुजवायला नेलं.

दीड वर्षापूर्वी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या माणसांनी ती जागा उकरली. एकशे अठरा माणसं निघाली. आणि कोपऱ्यात, आठ फुटांच्या त्या खड्ड्याच्या बाहेर, हात न लागलेल्या मातीत, एक भारतीय रुपया निघाला. कुणाच्या खिशातून पडलेला वाटावा असा तो नव्हता. कुणीतरी नीट ठेवलेला होता. त्या रुपयावरून ठेकेदाराच्या भारतीय माणसांचा माग काढत ते लोक चोपडा तालुक्यात हिलालपर्यंत पोचले. तिकडे गणवेशातल्यांचा जो मुख्य होता, तो आता न्यायालयाच्या कोठडीत होता, आणि त्याचं म्हणणं होतं, असा कुठला खड्डा मी खणायला लावलाच नाही.

तपासाला आलेल्यांना हिलालनं जबाब दिला. खणला मी, बुजवलाही मी. आत काय होतं माहीत नाही. त्यांनी लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून ते पुरेसं होतं, आणि हिलालला तर फारच सोयीचं. पण वहीत त्या दिवसाच्या पानावर शेवटच्या रकान्यात जो आकडा होता, तो त्यानं त्यांना सांगितला नव्हता. तो सांगायचा म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं, असं म्हणायचं. मग अकरा वर्षांची बदकं, बाया आणि पाणघोडा यांचं काय करायचं?

बेबाबाईला, त्याच्या बायकोला, हा आकडा ठाऊक नव्हता. तिला दुसराच ठाऊक होता.

सकाळी तो तिसऱ्यांदा शर्ट बदलत असताना ती ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या घागरी देखा."

चार दिवसांपूर्वी आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली होती. पितरांच्या नावानं भरलेल्या मातीच्या घागरी ओट्यावर ओळीनं होत्या. वर ठेवलेली खरबुजं सुकायला लागली होती.

"आपला घरम्हा पितर तीन," बेबाबाई म्हणाली. "मामंजी, सासूबाई, तुम्हना मोठा भाऊ. तुम्ही घागरी चार भरतस. अकरा वरीस व्हई गयात. माले काय मोजता येत नई का?"

"ती चवथी तयानी शे," हिलाल बटणं लावत म्हणाला. वरचं बटण खालच्या काजात गेलं.

"जठे तयं शे, तठे घागर कसाले?"

हिलालनं बटणं काढली. पुन्हा लावली. पुन्हा चुकली. शेवटी तिनंच पुढे होऊन लावून दिली.

"लोके काय म्हनतीन वं?" तो म्हणाला.

"लोके मासाच मोजतस," ती म्हणाली. "त्या मासा मोजतीन. तुम्ही बठ्ठं सांगा नि या."

आणि तिनं फळीवरची वही उचलून पिशवीत घातली. ती पाचवी वेळ.

जळगावच्या एका हॉटेलातली खोली पडदे लावून तयार होती. कोर्टाचा एक गोरा, उंच माणूस आणि कॅमेरा-माइक सांभाळणारी एक मुलगी, एवढेच. पुढे टीव्हीएवढा पडदा. एसी इतका होता की बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांतून आलेल्या हिलालला शिंका सुरू झाल्या. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. मुलीनं मायक्रोफोन जवळ आणला तसा तो मागे सरकला.

"नमस्कार हिलालभाऊ, मी हेमलता," पडद्यातून आवाज आला. ही हेगला बसलेली दुभाषी. "तुमचं नाव बाहेर कुणाला कळणार नाही, चेहराही नाही. घाबरू नका. सावकाश बोला."

"बोलतो ताई," हिलाल म्हणाला. शाळेच्या मास्तरांपुढे काढायची मराठी त्यानं बाहेर काढली होती. ती जरा घट्ट होत होती, शर्टासारखीच.

फिर्यादी बाजूच्या वकीलबाईंनी सोपे प्रश्न विचारले. मग पडद्यावर नाण्याचा फोटो आला. बाजूला मोजपट्टी, खाली नंबर.

"हे ओळखता?"

"माझंच आहे," हिलाल म्हणाला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

मग आरोपीचा वकील उभा राहिला. पिकल्या दाढीचा, अदबशीर माणूस. त्याचा आवाज इतका गोड की भाषा न कळताही हिलालला सावध व्हावंसं वाटलं.

"ते विचारतायत," हेमलता म्हणाली, "बुजवताना तुम्ही मशीनवर होता?"

"हो."

"पुढचं बकेट भरून उचललं की समोरचं दिसतं?"

हा माणूस कधी जेसीबीवर बसलाय की काय! "नाही. बकेट वर असलं की नाही दिसत."

"खड्ड्यात आधीच मातीचा थर टाकलेला होता?"

"होता. वर फांद्याही होत्या. कचरा आहे म्हणाले."

"तुम्ही खाली उतरून पाहिलंत?"

हाच एक प्रश्न होता. अकरा वर्षं हिलाल तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून यायची वाट बघत होता, आणि तो आला तो सातासमुद्रापलीकडून, पिकल्या दाढीच्या माणसाकडून.

"नाही," तो म्हणाला. "उतरलो नाही."

"पाहिलं नाही. म्हणजे आत काय होतं ते माहीत नाही. कचराच असू शकेल. आणि माणसं असलीच, तर तुमच्यानंतर कुणीतरी आणून पुरली असतील. बरोबर?"

वकीलबाईंनी कागद चाळले. हिलालच्याच जबाबात ते वाक्य होतं: माहीत नाही. आता फक्त 'बरोबर' म्हणायचं, चारची बस धरायची आणि उद्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून कौतिकच्या टपरीवर बसायचं.

हिलाल उठून उभा राहिला. मुलगी दचकली. त्यानं पिशवीतून वही काढली.

"ताई, त्यांना सांगा, बरोबर नाही. पाहिलं नाही, पण माहीत होतं."

हेमलतानं ते कोर्टाला सांगितलं. पडद्यावर तीन-चार माना एकदम वर झाल्या.

"चाळीस बाय दहा बाय आठचा खड्डा," हिलाल म्हणाला. पान शोधायची गरज नव्हती, वही तिथेच उघडली. "तिथली माती तांबडी, चिकट. तीच माती परत भरून, वरून मशीन फिरवून दाबली, तर बारा बकेटं उरायला पाहिजेत. फार तर तेरा. मी तिकडे त्या मातीत वर्षभर चर बुजवले, प्रत्येकाचा आकडा या वहीत आहे. त्या दिवशी सव्वीस उरली."

"सव्वीस म्हणजे काय?" मधोमध बसलेल्या न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं.

"चौदा जास्त, बाईसाहेब. चौदा बकेटांची जागा आत कुणीतरी घेतली होती."

न्यायाधीशबाईंनी आकडा लिहून घेतला.

"पालापाचोळा, कचरा दाबला की बसतो. ते बसलं नाही. मला तेव्हाच कळलं. मी उरलेली माती पसरून टाकली, कुणाला ढीग दिसू नये म्हणून. आणि रात्रीच्या जेवणाला बसलो. जेवलोही." त्याचा आवाज इतका बारीक झाला की मुलीनं मायक्रोफोन पुन्हा जवळ आणला. "मग घरी येऊन तळं खणलं म्हणून सांगितलं. माझी जेसीबी त्याच पगाराची आहे."

दाढीवाला वकील बराच वेळ वहीबद्दल विचारत राहिला. आकडे मागून लिहिलेत का, शाई कोणती, इतर कामांची बेरीज काय. हिलाल एकेक पान कॅमेऱ्यापुढे धरत गेला. आकड्यांची त्याला भीती नव्हती. आता त्याच्या शिंकाही थांबल्या होत्या. गोऱ्या माणसानं ती वही एका पारदर्शक पिशवीत घातली, वर नंबर चिकटवला आणि पावती दिली.

शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का?

हिलालनं विचार केला.

"तो रुपया मला परत नको. पण मी तो तळ्यासाठी ठेवला होता. जमिनीला तसंच सांगितलं होतं. तेवढं लिहून घ्या."

हेमलतानं ते सांगितलं, पण एका दमात नाही.

तीन दिवसांनी हितेंद्रच्या शेतात जुना कोरडा हौद बुजवायचं काम होतं. कौतिक टपरी पोरीवर सोपवून मुद्दाम मोतीबिंदूची पट्टी पाहायला आला होता. पट्टी नव्हतीच.

"काय आबा, ऑपरेशन व्हयनं का नई?"

"मोतीबिंदू नव्हताच," हिलाल म्हणाला.

"मंग तयं तरी शे का?"

कौतिकनं नेहमीच्या थट्टेनं विचारलं होतं. हिलालनं त्याच्याकडे पाहिलं.

"नई. तयं भी नई. कधी तरी सांगसू."

कौतिक हसायच्या तयारीत होता, तो तसाच राहिला.

हिलालनं मशीन सुरू केली, बकेट मातीत घातलं, भरलं, उचललं. मग थांबला. बकेट खाली टेकवून त्यानं इंजिन बंद केलं.

"आबा, काय व्हयनं?" हितेंद्र ओरडला. "हौदम्हा काहीच नई शे! मी देखेल शे!"

हिलाल एकेक पायरी उतरला. गुडघ्यांवर हात टेकत तो हौदाच्या कडेला गेला, वाकला आणि आत पाहिलं. तळाशी पालापाचोळा, एक फाटकी चप्पल आणि ठिबकच्या नळीची वेटोळी. त्यानं चारही बाजूंनी फिरून पाहिलं. उन्हानं कड तापली होती. मग तो आत उतरला, चप्पल उचलली, उलटी करून झटकली आणि बाहेर काठावर ठेवली.

"आते भरस," तो म्हणाला, आणि मशीनकडे चालू लागला.