फिर्यादीचं नाव

कागदावर चार ओळी होत्या. 'शाळेच्या संगणकांवर मी विनापरवाना सॉफ्टवेअर टाकले, ही माझी चूक मला मान्य आहे. सदर सॉफ्टवेअर मी काढून टाकत आहे. याबाबत शाळेची कोणतीही जबाबदारी नाही. पुन्हा असे करणार नाही.' खाली नाव आधीच टाइप केलेलं होतं : शाईस्ता दस्तगीर शेख. नावाच्या वर सहीपुरती जागा होती.

मुख्याध्यापक बबनराव सरांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग कर सही. सोमवारी तालुक्याचे साहेब येतील, त्यांच्या हातात कागद पडला की विषय मिटला."

"कोणता विषय, सर?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. बुधवार होता, मधली सुट्टी चालू होती. समोरच्या वर्गाला तीन दिवसांपासून कुलूप होतं आणि पहिलीची चार मुलं खिडकीच्या गजांना लटकून आत बघत होती.

शाळा नेकनूरपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर आहे. मेंढपाळांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं, पहिली ते चौथी, पट सदतीस, शिक्षक दोन. जूनमध्ये बीडमधल्या एका बंद पडलेल्या टायपिंगच्या संस्थेनं सात जुने संगणक शाळेला देऊन टाकले. त्यातला एकही सुरू होत नव्हता. बबनराव सरांना शाईस्ता आठवली. तेवीस वर्षांची, आयटीआयचा संगणकाचा कोर्स झालेली, नेकनूरला बसस्टँडजवळ वडिलांच्या दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणारी. चौथीपर्यंत ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

तिनं सातही संगणक उघडले. दुकानातला ब्लोअर आणून धूळ काढली. एकात पालीची अंडी निघाली. सातांचे सुटे भाग एकत्र करून चार उभे राहिले. त्यांच्यावर नवं विंडोज चढण्यासारखं नव्हतं. तिनं त्याऐवजी जुन्या संगणकावरही चालणारं लिनक्स टाकलं आणि त्यावर लहान मुलांसाठीचं एक सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या एकानं सुरू केलेलं, मग जगभरातल्या माणसांनी मिळून बनवलेलं, फुकट, इंटरनेटशिवाय चालणारं. माऊस फिरवला की चौकोन पुसले जातात आणि खालचं चित्र दिसतं. वरून अक्षर पडतं, ते जमिनीला लागायच्या आत कळ दाबायची. मासे मोजायचे, टोपल्यांत सफरचंदं सारखी वाटायची. सूचना वाचता येत नसल्या तरी अडत नाही.

धनश्री नावाच्या पहिलीतल्या मुलीनं पहिल्या दिवशी माऊस उचलून सरळ पडद्याला टेकवला. पंधराव्या दिवशी ती दुसरीच्या मुलाला "तसं न्हाई बे" म्हणून हात बाजूला सारत होती. तिचे आजोबा सटवा तिला न्यायला यायचे तेव्हा त्यांच्या शेळ्या फाटकाबाहेर उभ्या राहायच्या आणि ते खिडकीतून बघत राहायचे.

ऑगस्टच्या शेवटी शाळेत टॅब विकणारा एक माणूस येऊन गेला. सरांनी त्याला सांगितलं, आमचं भागतंय. आठ दिवसांनी तालुक्याच्या कार्यालयात एक निनावी तक्रार पोचली : शाळेत चोरीचं सॉफ्टवेअर वापरतात. या दोन गोष्टींचा संबंध कुणी सिद्ध केलेला नाही.

विस्तार अधिकारी अभिमन्यू ठोंबरे चौकशीला आले. त्यांनी शाळेत पंचवीस मिनिटं घालवली, त्यातली पंधरा चहात.

"बिल दाखवा," ते म्हणाले.

"बिल नाही साहेब, फुकट आहे," शाईस्ता म्हणाली.

"फुकट काय असतं ताई? तुमच्या दुकानात मोटार फुकट भरून देता का? कंपनी कोणती?"

"कंपनी नाही. माणसं आहेत. त्यांची नावं आत आहेत. त्यांनीच लिहून दिलंय, कुणीही घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या."

तिनं परवान्याची अकरा पानं छापून आणली होती. साहेबांनी शेवटचं पान उलटून पाहिलं.

"इंग्रजीत आहे."

"वाचून दाखवू?"

"मराठीत आणा."

मुख्य कलमं तिनं दोन दिवसांत मराठीत उतरवून तीन पानं कार्यालयात नेली. टेबलावरच्या माणसानं सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि पानं घेतली नाहीत. त्यानंतर वर्गाला कुलूप लागलं. लेखी आदेश नव्हता. फोनवर साहेब बबनराव सरांना एवढंच म्हणाले होते : त्या मुलीची सही आली की कुलूप काढा.

"हे बघ," बबनराव सर आवाज खाली आणून म्हणाले, "आज सही कर. संगणक शाळेतच राहतात. महिन्याभरानं परत टाक तेच. कोण बघायला येतंय?"

"सर, आता मी उघड टाकलंय. तसं केलं तर खरंच चोरून टाकल्यासारखं होईल."

"शब्दात धरू नको गं."

"शब्द कागदावर आहेत, सर. मी नाही टाइप केले."

तिनं सही न करता कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नेकनूरला परत गेली.

दुकानात तिचे वडील दस्तगीर पाच एचपीच्या मोटारीत तांब्याची तार बसवत होते. त्यांनी हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

वाइंडिंगच्या धंद्यात एक भीती कायम असते. विहिरीवरच्या मोटारी चोरीला जातात, त्यातलं तांबं काढून विकलं जातं, आणि पोलीस सगळ्यात आधी वाइंडिंगवाल्याच्या दारात उभे राहतात. दस्तगीर यांच्या दारातही दोनदा आले होते. दोन्ही वेळा हात हलवत गेले, कारण दस्तगीर यांचा नियम होता : मालक समोर उभा राहिल्याशिवाय मोटार आत घ्यायची नाही. सालगड्यानं आणली तर मालकाला फोन. फोन लागला नाही तर मोटार रस्त्यावर. पंचवीस वर्षांत या नियमानं त्यांची काही गिऱ्हाइकं गेली होती आणि नाव राहिलं होतं.

"सही कर," ते म्हणाले.

"अब्बा!"

"साहेब बरोबर बोलतोय. मालक कोण, ते दिसलं पायजे. मी बी तेच इचारतो."

"मालकांनी लिहून दिलंय."

"मालक हाय कुठं? फ्रान्सात? कुणी बघितला?"

"तुम्ही शेतकऱ्याचा फोन घेता. तो तरी कुठं दिसतो?"

"आवाज ओळखतो मी त्याचा." त्यांनी तार ओढून घट्ट केली. "लोक काय म्हणतील, म्हायती हाय ना तुला? बापानं पंचवीस वर्सं संभाळलं, लेकीनं चार डब्ब्यांपायी घालवलं. आन् आपल्याबद्दल म्हणायला लोकांना लई येळ लागत न्हाई."

"म्हणूनच सही करत नाही," शाईस्ता म्हणाली. "आज लोक म्हणतील. सही केली तर मी म्हणलं असं होईल."

दस्तगीर यांचा हात थांबला. तिनं मराठीत उतरवलेली तीन पानं पुढ्यात ठेवली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दुसऱ्या पानावर ते थांबले.

"ज्याला मिळालं त्यानं फुडं दिलं, तर फुडच्याला बी तेवढाच हक? ह्याच्याइतकाच?"

"तेवढाच. आणि मी दिलं तर माझ्याकडचं कमी होत नाही."

"आन् कुणाला देऊ नको म्हणायचं, तर?"

"तसं म्हणता येत नाही. तसं म्हणणं, ते चुकीचं."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यांना त्यांनी बसा म्हणून खूण केली.

"मंग कावून लपून बसलीस?" शेवटी ते म्हणाले. "ज्याच्याजवळ चोरीचं असतं तो दार लावून घेतो. तू उघड कर."

रविवारी नेकनूरचा बाजार असतो. सकाळी नऊ वाजता दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, शाईस्ताचा घरचा संगणक मांडला गेला. शेजारी तिनं एक पुठ्ठा टांगला : 'शाळेत टाकलेलं हेच ते सॉफ्टवेअर. पेनड्राइव्ह आणा, फुकट घेऊन जा. देणारी शाईस्ता दस्तगीर शेख.' खाली दुकानाचा नंबर.

पहिला तासभर कुणी आलं नाही. मग सटवा आले, खांद्यावर धनश्रीला घेऊन. धनश्री उतरली आणि स्टुलावर चढून बसली. पडद्यावर अक्षरं पडू लागली. बाजारकरी थांबायला लागले.

"हे काय गं, शाईस्ता?" केळीच्या गाड्यावरच्या रहेमतबीनं विचारलं.

"चोरीचा माल आहे, खाला. बघून घ्या."

"कुणाचा चोरला?"

"तेच कुणी सांगेना."

"मंग माझ्या नातवाला बी थोडा दे चोरीचा. नुसता मोबाइल चाटत बसतो."

धनश्रीनं सलग बावीस अक्षरं जमिनीला लागू दिली नाहीत. तेविसाव्याला चुकली आणि तिच्यापेक्षा जास्त हळहळ मागच्या गर्दीनं केली. एक म्हातारा म्हणाला, "बे सटवा, तुला येतंय का ह्यातलं एक तरी?" सटवा म्हणाले, "मला न्हाई येत. म्हणून तर तिला बसवलंय."

संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत एकोणीस जणांनी सॉफ्टवेअर नेलं. शाईस्तानं प्रत्येकाचं नाव आणि गाव वहीत लिहिलं. लपवायचं काही नव्हतं, म्हणून लिहिलं. दस्तगीर यांनी दिवसभर आपलं काम केलं. स्टुलाचा पाय हलत होता, तेवढा ठोकून दिला.

सोमवारी साहेब अकरा वाजता आले. शाळेच्या पटांगणात दस्तगीर, शाईस्ता, सटवा आणि दहा-बारा पालक उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं.

"ही गर्दी कशाला?" साहेबांनी बबनराव सरांना विचारलं.

"पालक आहेत, सर. शाळा त्यांचीच आहे," बबनराव सर म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच थोडं नवल वाटलेलं दिसलं.

साहेब खुर्चीवर बसले. "ताई, कागद आणलाय?"

शाईस्तानं घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

"काल बाजारात वाटत होतात म्हणे. मी सांभाळून घेतोय आणि तुम्ही गुन्हा वाढवताय. मला पोलिसांत द्यावं लागेल."

"द्या ना साहेब. फिर्यादी म्हणून कुणाचं नाव लिहिणार?"

"म्हणजे?"

"चोरी म्हणजे कुणाचं तरी गेलं पाहिजे. ज्यांनी बनवलं त्यांची नावं, पत्ते मी छापून आणलेत. त्यांना विचारा, तुमचं चोरीला गेलं का. ते हो म्हणाले तर मी तुमच्याबरोबर चालत ठाण्यात येते."

साहेबांनी कागदाकडे हात केला नाही.

"साहेब," मागून सटवा म्हणाले, "माजी शेळी गेली तर मी बोंबलतो. हितं कुणाची शेळी गेली? बोंबलणारा तर दिसंना, आन् तुमी चोर धरून बसलाव."

पालकांत हसू फुटलं. साहेबांच्या ड्रायव्हरनंही तोंड फिरवलं.

"ओ बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"शेळीतलं कळतं, साहेब. चोरीतलं बी कळतं. माज्या चार गेलत्या, पाटोद्याच्या बाजारात घावल्या. ज्याच्याकडं घावल्या त्यो त्या दिवशी तोंड लपवून बसला व्हता. ह्या पोरीनं पाटी लावली व्हती. नावासकट."

साहेबांनी फाइल उघडली. मग ते सरळ झाले आणि कार्यालयीन आवाजात म्हणाले, "ठीक आहे. सही करायची नसेल तर 'सही करण्यास नकार' असा शेरा मारतो. पुढचं वरिष्ठ बघतील. वर्ग सही येईपर्यंत बंद राहील. नुकसान मुलांचं, आणि जबाबदार तुम्ही."

ही धमकी नेमकी होती. पालकांचं हसू थांबलं. धनश्री आजोबांच्या धोतराला धरून उभी होती. बबनराव सरांनी शाईस्ताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

शाईस्तानं टेबलावरचं पेन उचललं. टाइप केलेल्या चारही ओळींवर तिनं एकेक रेघ मारली, पट्टीनं मारावी तशी सरळ. मग खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं : 'हे सॉफ्टवेअर मी टाकले आहे. ते वापरण्याची, वाटण्याची परवानगी बनवणाऱ्यांनी सर्वांना लेखी दिलेली आहे. कुणाला अडचण असल्यास मला विचारावे. जिथे मागतील तिथे पुन्हा टाकीन.' तारीख घातली, सही केली आणि कागद फिरवून साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे असं चालत नाही."

"मग काय चुकीचं आहे ते खाली लिहून द्या. नाही तर पोच द्या."

"पोच कार्यालयात मिळते."

"किती वाजता येऊ?"

"उद्या अकरानंतर."

"साडेदहाला येऊन बसते," शाईस्ता म्हणाली.

साहेबांनी कागद फायलीत घातला. गाडीत बसताना त्यांनी बबनराव सरांना काहीतरी सांगितलं, ते इंजिनच्या आवाजात बाकीच्यांना ऐकू आलं नाही. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत सर फाटकाशी उभे राहिले. मग परत आले, खिशातून किल्ली काढली आणि वर्गाच्या दाराशी गेले.

"सर, काय म्हणाले साहेब?" शाईस्तानं विचारलं.

"सही आली की कुलूप काढा, असा तोंडी आदेश होता मला," सर कुलपाशी झटत म्हणाले. "त्यांच्या समोर सही झाली. बारा माणसांनी बघितली. माझ्याकडून आदेशाचं पालन झालं." किल्ली फिरली. "विचारलं तर हेच लेखी देईन."

मुलं त्यांच्या हाताखालून आत घुसली. चारपैकी तीन संगणक सुरू झाले. चौथ्याचा पंखा फिरेना, आणि त्याच्यापुढे धनश्री बसलेली होती.

"शाईस्ताबाई, माजाच कावून बंद?"

शाईस्ता टेबलाखाली शिरली आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात बाहेर काढला. दस्तगीर यांनी आपला दिला.