वाटीतलं उष्टं पाणी

सकाळी सातलाच रजया शिवणाऱ्या बाईच्या दारात गल्ली लोटली होती. कुणाच्या हातात पेला, कुणाच्या हातात औषधाची रिकामी बाटली. सगळ्यांचे डोळे शिवणखोलीच्या कुलपावर. त्यावरची लाखेची मोहोर जशीच्या तशी होती.

"बघून घ्या!" मौनीबाबा ओरडले. नाव मौनी, पण तोंड शिवणयंत्रासारखं. पायडलसुद्धा मारावं लागत नसे. "मोहोर फुटली? नाही! खिडकी उघडली? नाही! तरी देव इवल्या रूपात रात्री येतो, ठेवलेले दाणे खातो, वाटीतलं पाणी पितो, पसरलेल्या पिठावर इवली पावलं उमटवतो. त्याचं उष्टं पाणी म्हणजे हजार औषधांचं एक औषध!"

हे तीन आठवडे चाललं होतं. बाबांच्या अटी दोनच: खोलीत झाडू लावायचा नाही आणि घरात मांजर ठेवायचं नाही. शिवणवालीनं दोन्ही मनोभावे पाळल्या.

पहिला घोट रोज तिच्या लेकीचा. आज ती पोर दाराशी बाकावर आडवी होती. चार दिवस ताप, डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देईना. "अंगातलं वाईट जळतंय, जळू द्या," असं बाबा म्हणाले होते. पण काल लेकीच्या डोळ्यांत पिवळट झाक दिसली, तेव्हा शिवणवालीनं नणंदेला निरोप धाडला होता.

निरोप मिळताच नणंद धावत आली होती. ती दवाखान्यात रक्त तपासायची.

"वहिनी, हिला लघवी कधी झाली?"

"काल दुपारी. जराशीच. गडद."

"आणि तुम्ही इथे रांगेत उभ्या? गाडी बोलावलीय मी."

"एवढा एक घोट घेऊ दे गं. आज ताप उतरेल म्हणालेत बाबा."

बाबांनी मोहोर फोडली. दार उघडलं आणि गर्दी एकदम मागे सरली. आत निळी पावलं उमटली होती.

"रंग आला! आज तो प्रसन्न आहे!" बाबांनी हात जोडले.

शिवणवालीनं मात्र तो रंग ओळखला. काल पीठ संपलं होतं. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूचे तुकडे कुटून तिनंच ती पूड पसरली होती. बाबांना सांगायचं राहून गेलं. रोज पिठाच्या कडेशी पावलं थांबायची. खडू मात्र पायांना चिकटून पुढे चालत गेला होता. पांढऱ्या रजयांवरून, दाण्यांच्या ताटातून, थेट वाटीच्या काठावर. वाटीतलं पाणीही निळसर झालं होतं.

"पावलांमधली ही रेघ कसली?" तिनं हळूच विचारलं.

"त्याच्या काठीची!"

"शेपटीची," नणंद म्हणाली आणि जिथे पावलं शिरली होती ती खालची रजई तिनं उचलली. कुबट वास सुटला. कुरतडलेल्या कापसात गुलाबी पिल्लं वळवळत होती, भोवती लेंड्यांचा सडा. निळ्या पोटाची उंदरी भिंतीकडे पळाली.

बाबांनी वाटीतून भरलेला चमचा तोवर लेकीच्या ओठांशी पोचला होता. शिवणवालीनं तो हातानं उडवला.

"उंदीर हेही त्याचंच रूप!" बाबा गरजले.

"मग तुम्ही प्या," तिनं वाटी पुढे धरली. आवाज चढला नाही. "तीन आठवडे सगळ्यांना पाजलंत. तुम्ही एकदाही घेतलं नाहीत."

बाबा खाली वाकून चप्पल शोधू लागले.

बाहेर गाडी लागली. लेकीला उचलून आत निजवताना नणंद गर्दीकडे वळली. "उंदीर जिथे पितात तिथेच मुततात. त्यातून हा ताप येतो. आधी अंग ठणकतं, मग डोळे पिवळे होतात, मग मूत्रपिंडं बंद पडतात. हिचीही पडत चाललीत. लवकर आलात तर औषध आहे. कुणाला ताप आहे?"

पेले पदराआड गेले.

लेकीचं डोकं मांडीवर घेऊन शिवणवाली म्हणाली, "लाजू नका गं. देवाचं नाव मीही रोज घेते. पण त्यानं डोळे दिले होते, ते मी तीन आठवडे मिटून ठेवले. तुम्ही तरी उघडा. दाणापाणी झाका, भिंतीतली भोकं बुजवा आणि अंग तापलं तर आधी दवाखाना गाठा."

मागून दूधवाल्या आजी पुढे आल्या. त्यांच्या कडेवर नात होती, मान टाकलेली.

"हिलाही पाजलंय मी," त्या म्हणाल्या. "गाडीत जागा आहे का?"