मागे पडणारं पाऊल

“मावशी, पाचपैकी पाच गुण लिहू ना?” हर्षाने कागदावर पेन टेकवलं.

समाजमंदिराच्या फरशीवर सत्यभामाने दहा फेऱ्या मारल्या होत्या. नवा कृत्रिम पाय हलका होता. गुडघ्याखालची वाटी कुठे टोचत नव्हती. तरी ती म्हणाली, “थांब पोरी. मी चिखलात कुठं चालली अजून?”

तीन वर्षांपूर्वी धान कापताना साप चावला आणि तिचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पहिला बसवलेला पाय वर्षभरात तडकला, तेव्हापासून काखेत कुबडी. हर्षाची संस्था हा नवा पाय शेतात राबणाऱ्यांसाठीच बनवत होती. पसंत म्हटलं की तो आजच सत्यभामाचा होणार होता, आणि त्याच्यासारखे आणखी पाचशे पाय बनणार होते. नापसंत म्हटलं, तर तीन महिने दुरुस्तीला. इकडे गावात, कोंढ्यात, धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू झाला होता.

शेजारच्या मंदाबाईने कोपराने ढोसलं. “देऊन टाक ना पाच. पाहुनी म्हनून गेल्यावर भाजीत मीठ कमी म्हनते काय कोनी?”

“जेवाचं तर मलेच हाये.”

हर्षाने समजावलं, चिखलाची चाचणी झाली आहे. पुण्यात हौद बांधून माणसं चालवली, पाय कुठे अडकला नाही. सत्यभामाने विचारलं, त्यांची तोंडं कुठं होती? हर्षाला प्रश्नच कळला नाही.

“समोर चालले असन ते. रोवताना आमी मागं चालतो, माय.”

हर्षाने कागद मिटला आणि तिच्यासोबत धानाच्या बांधीवर, चिखल केलेल्या शेतात, आली.

सत्यभामाने लुगडं खोचलं, रोपांची पेंढी घेतली, बायांच्या ओळीत वाकली. बोटांना गार गाळ लागला तसं तिला बरं वाटलं. चार रोपं लावायची, एक पाऊल मागे. पुन्हा चार. पाचव्या पावलाला टाच फाळासारखी गाळात घुसली, वाटी गुडघ्यापासून सुटली आणि सत्यभामा पाण्यात बसली. पाय समोर चिखलात एकटाच उभा.

कोणी हसलं नाही. मंदाबाईने तिला उचलून शेताच्या कडेला धुऱ्यावर बसवलं. हर्षा खालच्या आवाजात म्हणाली, आज पसंत लिहून पाय ठेवून घ्या मावशी, टाचेचं मी तिकडे नंतर सांगेन.

सत्यभामा पायाकडे बघत राहिली. अंगणात, बाजारात, कुबडीवाचून फिरता आलं असतं.

“मंग पाचशे जनी अशाच पान्यात बसतीन,” ती म्हणाली. “लिव्ह. टाच मागून कमी करा. वाटीले मांडीपावतर पट्टा लावा. तयार झाला का पयले मीच चालून पाहीन, याच बांधीत.”

हर्षाने लिहिलं, वाचून दाखवलं. सत्यभामाने एकेक अक्षर जोडत सही केली.

हर्षा पाय धुवायला पाटाकडे निघाली.

“धुऊ नको वो. तसाच ने. साहेबायले दिसू दे.”

गाडी गेली. सत्यभामाने कुबडी बाजूला टेकवली, पेंढ्या ओढून घेतल्या आणि बसल्या जागेवरून एकेकीच्या हाताशी नेमक्या फेकू लागली. बायांची ओळ पाठमोरी, एकेक पाऊल, तिच्याकडे सरकत होती.