चौथ्या तुकड्यावरचा जोर

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला 'बरोबर' म्हटलं नव्हतं. त्यांचा शब्द 'पुन्हा'. लांबलचक इंग्रजी शब्द ते भाजी चिरावी तसे तुकडे करून शिकवत. दर तुकड्याला टेबलावर बोटाची एक टकटक, जोराच्या तुकड्यावर मूठ. मूठ भलत्या जागी पडली की 'पुन्हा'. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण खोड सुटली नाही. घरात सून होतीच.

नणंदेला नोकरी लागली तेव्हा सुनेनं भर पाहुण्यांत तिचं अभिनंदन केलं, तेही हौसेनं इंग्रजीत. 'काँग्रॅच्युलेशन्स'मधला जोर तिनं चौथ्याऐवजी पहिल्याच तुकड्यावर दिला. मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर तिच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मास्तरांना वाटायचं, सून मितभाषी आहे.

मग पक्षाघाताचा झटका आला आणि मास्तरांचीच वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचा नुसता घोगरा आवाज. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, सवयीचा एखादा मोठा शब्द घ्या, त्याचे तुकडे पाडा, डाव्या हातानं टेबलावर ताल धरा. रोज केलं तर बोलणं परत येईल, नाहीतर कठीण आहे. मुलाला ऑफिसातून सवड नव्हती, म्हणून हे काम सुनेकडे आलं. शब्दही तिनंच निवडला. कोणता, ते सांगायला नको.

"कन्. पुन्हा," ती म्हणायची. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार कसे? ती मात्र त्यांचा हात धरून ताल द्यायची, लाळ पुसायची, एकही दिवस चुकवायची नाही. हिलाच आपण चारचौघांत रडकुंडीला आणलं, हे मास्तरांना आता रोज आठवायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी पाचही तुकडे एका दमात बाहेर पडले. फक्त मूठ पडली ती पहिल्यावर, थेट सुनेसारखी. मास्तरांनी मान खाली घातली. आता ती काय म्हणणार, हे त्यांना पाठ होतं.

"बरोबर आहे, बाबा," सून म्हणाली.

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. तीनदा बोट वाजवलं, चौथ्याला मूठ आपटली आणि आजारानंतरचा पहिला मराठी शब्द कुणी न शिकवता म्हटला.

"पुन्हा."

सुनेला हसू फुटलं. डोळे पुसून तिनं खुर्ची पुढे ओढली.