योंगफूला आणलं

मू गुइझेननं कापडाची कड दातांत धरली आणि टर्रकन फाडली. कफनाला कात्री लावलेली तिला चालत नसे. पोरगा आपल्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून तिनं स्वतःच्या मापावर हातभर कापड जास्त सोडलं होतं. मशिदीच्या मागल्या अंगणात, मयताला आंघोळ घालायच्या खोलीत, पाणी तापून तयार होतं.

"वहिनी, गाडी आली का?" दाराबाहेरून तिए चांगशुन ओरडला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं मटणाच्या रश्श्याचं दुकान होतं.

"येईल इतक्यात."

"जिवंतपणी यायला सवड नव्हती साहेबांना. आता तरी वेळेवर ये म्हणावं."

गुइझेननं कापडाची घडी घातली. तिएच्या लेकीशी तिच्या पोराची, योंगफूची सोयरीक ठरली होती. ती मोडून तो ग्वांगझोऊला पळाला आणि तिकडेच आपल्यातली नसलेली बायको करून बसला. तेव्हापासून तिए दिसला की टोमणा ठरलेला. पण मोहल्ल्यातल्या प्रत्येक जनाज्याला पहिला खांदा त्याचाच असे. आज तो आला नसता, तर गुइझेनला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

टॅक्सीतून सून, शूमिन, एकटीच उतरली. गुइझेननं तिच्या पाठीमागे पाहिलं. मागून दुसरी गाडी येत नव्हती.

"योंगफू कुठाय?"

शूमिननं छातीशी धरलेली, लाल कापडात बांधलेली पेटी पुढे केली.

फोनवर ती "त्यांना घेऊन येते" एवढंच म्हणाली होती. माणसाला आणतात म्हटल्यावर या मोहल्ल्यात दुसरं काही कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. गुइझेननं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

"जाळलंस? माझ्या पोराला जाळलंस?"

"आमच्याकडं सगळ्यांचं तसंच करतात, आई. दवाखान्यात विचारलं, मी सही केली. चुकलं का काही?"

गुइझेनचा हात उठला.

"तुमच्यात पुरतात, हे ते कधी बोललेच नाहीत हो. आमची काय मरणाच्या गोष्टी करायची वयं होती? घरात डुक्कर आणू नकोस, एवढंच म्हणायचे. नाही आणलं मी कधी. माझे बाबा जेवायला आले, तेव्हासुद्धा नाही. रागावून उठून गेले ते."

गुइझेनचा हात खाली आला. तिला खूप राग आला होता, पण तो आता कुणावर काढावा हेच कळेना. ती ओल्या फरशीवर बसली आणि पेटी मांडीवर घेऊन रडली. शूमिन शेजारी बसली. तिला गुइझेननं दूर लोटलं नाही.

मशिदीचे म्हातारे इमाम, आहोंग, आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी घालता यायचं नाही," ते म्हणाले. "नमाज मात्र मी पढवीन. तो काही आपल्या पायानं आगीत गेला नव्हता."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"ते तू ठरव, बाई."

"कुणाला सांगू नका. माझ्या पोराला जन्मभर जळका म्हणतील."

जन्म तर संपलाच होता, पण आहोंगांनी ती चूक दाखवली नाही. पेटीभोवती कापड गुंडाळता गुंडाळता संपेना. शेवटी तेवढं बोचकं मशिदीच्या लाकडी जनाज्यात ठेवलं, झाकण लावलं, वरून हिरवी चादर घातली. नमाज झाली. बायका कमानीखाली उभ्या होत्या. आणि पुरुष पुढे सरसावले, तेव्हा कुठे गुइझेनच्या ध्यानात आलं. डोळ्यांपासून लपवलं होतं, पण खांद्यांना आता कळणारच होतं. कब्रस्तानापर्यंत अख्खा मोहल्ला आळीपाळीनं खांदा देणार होता.

पुढचा दांडा तिएनं धरला.

"उचला!"

जनाजा एवढ्या झपकन वर आला की मागची माणसं अडखळली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. तिए जागच्या जागी थांबला. त्यानं मान वळवून चादरीकडे पाहिलं, मग कमानीकडे, आधी गुइझेनकडे आणि मग तिचा हात घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या परक्या पोरीकडे. गुइझेननं डोळे मिटले. आता याचं तोंड कोण धरणार?

"अरे, हळू!" तिए खेकसला. "नीट खांदा द्या, गाढवांनो! चांगला भरलेला गडी आहे, तुमच्या एकट्या-दुकट्याला झेपायचा नाही."

गुइझेननं डोळे उघडले. तिएनं गुडघे वाकवले होते आणि दुसरा हातही दांड्याखाली घातला होता. मागच्यांनीही पाठी वाकवल्या. मग सगळे दमादमानं, पावलं जपत, दाराबाहेर पडले.