उत्तरेला तोंड करून

मी कासव बोलतोय. बोलतोय म्हणजे कण्हतोय म्हणा हवं तर, कारण डोळे सुजून अर्धे चिकटलेत आणि पाठ, जिच्या जोरावर आमची जात आजवर तगली, ती परवापासून मऊ लागतेय. तेव्हा सांगायचं ते आत्ताच सांगून टाकतो. कासवानं घाई केलेली तुम्ही कधी पाहिली नसेल. आज पाहून घ्या.

माझा जन्म कुठला, मला ठाऊक नाही. पहिली आठवण माशांच्या दुकानातल्या निळ्या टबाची. आम्ही तीस-चाळीस जण एकमेकांच्या पाठीवर चढायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय छान खेळतायत! कसला खेळ हो? सगळ्यांत वरच्याला दिव्याची ऊब मिळायची, तिच्यासाठी ती चढाओढ. आमच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. पाण्यातून बाहेर यायचं, कोरड्या दगडावर बसून पाठ शेकायची, मग अन्न पचतं आणि कवच टणक राहतं. पाणी, ऊन आणि एक दगड, याहून जास्त आमचं मागणं नाही.

नाशिकरोडच्या बंगल्यात मला सुधाताईंनी आणलं. हौस म्हणून नाही. त्यांचे यजमान गोविंदराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा आणि धीर धरा. चालवणं जमत होतं, धीर कुठून आणणार? बाईंनी उपास केले, नवस बोलून झाले, मग कुणीतरी चैताली मॅडमचा नंबर दिला.

या मॅडम फेंगशुईप्रमाणे बागा आखून देतात. आल्या, मोबाईलमधलं होकायंत्र उघडून अंगणभर फिरल्या आणि म्हणाल्या, काकू, सगळं उलटं आहे. फाटक दक्षिणेला, बसायचा ओटा दक्षिणेला, मग दुखणं येणार नाही तर काय होणार? झालं! दक्षिणेच्या फाटकाला आणि ओट्याच्या दाराला कुलूप लागलं. येणं-जाणं मागच्या बोळातून सुरू झालं. आणि घरामागे, उत्तरेला, नवी बाग उभी राहिली.

बाग देखणी झाली, खोटं कशाला बोलू. वाट वळणावळणाची, कारण सरळ वाटेवरून ऊर्जा म्हणे धावत सुटते. वाटेवर पांढरे गोटे. कोपऱ्यात बांबू आणि बांबूखाली पोट सुटलेला हसरा बुद्ध. घरकामाला येणाऱ्या भिमाबाई त्याला बराच वेळ निरखत राहिल्या आणि म्हणाल्या, आमचे बुद्ध काय असे नाय, हे कोण पाव्हणे? तरी रोज ओल्या फडक्यानं त्याला पुसतात.

मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं कुंड, आणि कुंडात मी. कासव म्हणजे दीर्घायुष्य. ते उत्तरेला हवं, पाण्यात हवं, आणि तोंडही उत्तरेला हवं. जोवर कासव ठणठणीत, तोवर काकांना धोका नाही, असं मॅडम सांगून गेल्या. एका माणसाचा जीव असा माझ्या पाठीवर ठेवून मोकळ्या झाल्या.

रोज सकाळी आंघोळ करून सुधाताई यायच्या, मला धरून उत्तरेकडे वळवायच्या आणि हात जोडून पुटपुटायच्या, सांभाळ रे बाबा ह्यांना. त्या आत गेल्या की मी वळायचो. अहो, देवळातल्या दगडी कासवाला जमतं एका दिशेला बघत बसणं. मला पोटपाणी आहे.

पण वळून जाणार कुठे? कुंडाच्या कडा गुळगुळीत. चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. आत टेकायला खडासुद्धा नाही. बघणारे म्हणायचे, किती चपळ आहे! भिमाबाईंना मात्र कळलं. त्यांनी बोळातून एक वीट आणून कुंडात उभी केली. ते मे महिन्याचं ऊन अजून आठवतं. मी त्या विटेवर चारी पाय ताणून पडलो आणि कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी वीट गेली. सुधाताईंनी मॅडमना फोटो पाठवला होता. वीट म्हणजे माती, माती पाण्याला अडवते, आणि पाणी अडलं की आयुष्य अडतं, असं तिकडून उत्तर आलं. भिमाबाईंनी वीट पुन्हा ठेवली, ती पुन्हा निघाली. तिसऱ्या वेळी सुधाताई रडायलाच लागल्या. "भिमाबाई, पाया पडते तुमच्या. माझ्या कुंकवावर उठू नका."

त्यानंतर वीट आली नाही. असं बोलल्यावर कोण आणेल?

गोविंदरावांची गत माझ्याहून वेगळी नव्हती. पूर्वी ते दक्षिणेच्या ओट्यावर उन्हात बसायचे, वॉकर धरून फाटकापर्यंतची वीस पावलं चालायचे. आता त्यांची चाकांची खुर्ची कुंडाशेजारी आली, पाण्याकडे बघायला. गोट्यांत वॉकर रुतायचा, म्हणून चालणं सुटलं. पाय पुन्हा बारीक होत गेला. सुधाताई तो पाय रात्रंदिवस तेलानं चोळायच्या. माया कमी होती असं कोण म्हणेल? मायेपोटीच तर सगळं चाललं होतं.

दिवाळी सरली, सूर्य दक्षिणेला कलला, आणि घराची सावली बागेवर पडली ती हललीच नाही. होकायंत्रात हे दिसत नाही. जानेवारीत असा गारठा पडला की दिंडोरीकडे लोकांनी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या. द्राक्षांना शेक मिळाला, आम्हाला नाही. जन्मभर बॉयलरच्या धगीपाशी राबलेला माणूस शालीत कुडकुडत माझ्याकडे बघायचा, मी त्यांच्याकडे. मी खाणं सोडलं, पाठोपाठ त्यांनीही घास तोंडातून बाहेर काढायला सुरुवात केली.

आज सकाळी मी पाण्यावर नुसता तरंगत होतो. सुधाताईंनी मला उचललं, बोट पाठीवर दाबलं, तर पाठ आत दबली. त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. घाबरू नका काकू, मॅडम म्हणाल्या, असं होतं कधीकधी, दुसरं आणा, जरा मोठं बघून आणा, फक्त तोंड उत्तरेला ठेवा.

सुधाताईंनी मला पदरात घेतलं. मग खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "आणि ह्यांना काही झालं, तर ह्यांच्या जागी काय आणू?"

पलीकडून काहीतरी उत्तर येत होतं. ते त्यांनी ऐकलं नाही, फोन बंद केला.

"ताई," भिमाबाई म्हणाल्या, "उन्हात न्या. दोघांना बी. लय गारठलेत."

ओट्याच्या दाराचं कुलूप गंजलं होतं. सुधाताईंनी ते वरवंट्यानं फोडलं. भिमाबाईंनी खुर्ची ढकलली, मी सुधाताईंच्या पदरात होतो. ओट्याच्या फरशीवर पिवळंधमक ऊन पडलं होतं. मला खाली ठेवलं. पोटाखाली कोरडं, पाठीवर ऊन. किती दिवसांनी, ते मोजायचं बळ नाही.

मी वाचेन का, मला माहीत नाही. गोविंदराव उभे राहतील का, तेही माहीत नाही. उशीर झालाय, हे मला कळतं आणि सुधाताईंनाही कळतंय, कारण त्या भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडतायत. बाई गं, रडू नकोस म्हणायला मला तोंड आहे, आवाज नाही.

तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर त्याला एक दगड द्या आणि ऊन द्या. त्याच्या पाठीवर कुणाचं आयुष्य ठेवू नका.

आत्ताच सुधाताईंनी सवयीनं हात पुढे केला, मला उत्तरेकडे वळवायला. गोविंदरावांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. अजून सोडलेलं नाही.

माझं तोंड दक्षिणेला आहे. यमाची दिशा म्हणतात. असू दे, ऊन तिकडूनच येतंय.