बर्फावरचा रुपया

सुनेचे ते रंगीत खडे पाहिले की बेबाबाईच्या डोक्यात तिडीक जायची. लाल भोपळ्याचे केशरी, दुधीचे फिक्कट हिरवे, मुगाच्या डाळीचे पिवळे. मयुरी भाज्या वाफवायची, मिक्सरमधून गंधासारख्या बारीक काढायची, बर्फाच्या ट्रेमध्ये भरायची आणि गोठले की ट्रेसकट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर तारीख. मयुरी जळगावला सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची सवय लागलेली बाई आता पोटच्या पोरीच्या घासालाही चिठ्ठी लावते, असं बेबाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पोरगी पिंटी सात महिन्यांची. मयुरीची रजा सोमवारी संपणार होती आणि सोमवारपासून दिवसभर पिंटीला हेच खडे गरम करून भरवायचे ठरलं होतं. भरवायचे कोणी, तर बेबाबाईनी.

"मी तीन लेकरं वाढवली," बेबाबाई म्हणायची, "एकाच्याबी तोंडात बर्फ नाही घातला. हिच्या माहेरी धुळ्याकडं अशीच तऱ्हा असंल बाई. काय ते, ना मीठ ना तूप. नाल्यात फेकायच्या लायकीचं."

मयुरी ऐकून घ्यायची आणि भोपळा चिरत राहायची. एका बाबतीत मात्र बेबाबाईला नाक मुरडायला जागा नव्हती. सुनेनं केळं गोठवलं नव्हतं. केळं काळं पडतं, ते ताजंच कुस्करून द्या, एवढं ती म्हणाली होती. केळीवाल्यांच्या घरात येऊन एवढं तरी शिकली, असं म्हणून बेबाबाईनी तेही श्रेय घरालाच दिलं.

सगळ्यात कहर होता तो काचेच्या वाटीचा. मयुरीनं वाटीत साधं पाणी गोठवलं आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवलं.

"हे काहून?" बेबाबाईनी विचारलं. "रुपयाले गरम होतंय का?"

"लाईटचा भरवसा नाही ना, आई. आपण घरी नसताना लाईट गेली तर बर्फ वितळेल आणि नाणं खाली बुडेल. लाईट आली की पाणी पुन्हा गोठेल, पण नाणं तळाशीच राहील. नाणं तळाला दिसलं की सगळं टाकून द्यायचं. एकदा वितळून परत गोठलेलं पिंटीला द्यायचं नाही, पोट बिघडतं."

बेबाबाई हसली. लॅबवाल्या बाईची अक्कल रुपयावर बसली आहे, असं तिनं शेजारच्या गिरणीवाल्या छगनला ओट्यावरून ओरडून सांगितलं. छगनही हसला.

मयुरीचा नवरा भूपेंद्र, बेबाबाईचा धाकटा, या सगळ्यात कुठेच नव्हता. केळीच्या बागेत जायचा, येऊन मोबाईल बघत पडायचा. सासुरवाडीला गेला की छाती काढून म्हणायचा, "माझा काही विरोध नाही हो, तिनं नोकरी करावी." आणि घरी आईजवळ बसून कुजबुजायचा, "तिचं तिनं घरी थांबायचं म्हटलं तर बरं होईल. मी कशाला वाईट होऊ?" दोन मुलांना शिकवून बाहेर पाठवलं आणि हा एक शेतीला ठेवला, ते बरं केलं की वाईट, हे बेबाबाईला नवरा बन्सीलाल वारल्यापासून कधी ठरवता आलं नव्हतं.

शनिवारी पाचोऱ्याला भाचीचं, डिंपलचं लग्न होतं. सकाळी सातलाच बेबाबाई, मयुरी आणि पिंटी निघाल्या. भूपेंद्र म्हणाला, केळीचा ट्रक भरायचा आहे, मला जमणार नाही. एप्रिलचं ऊन असं की मांडवात माणसं पंख्यांसाठी भांडत होती. परत यायला संध्याकाळचे सात वाजले. मयुरी पिंटीला घेऊन जी आडवी झाली ती लगेच झोपली.

बेबाबाईचा गुडघा ठणकत होता. शेकायला बर्फ घ्यावा म्हणून तिनं फ्रीजर उघडला आणि काचेच्या वाटीकडे सहज नजर गेली. नाणं वर नव्हतं. वाटी उचलून दिव्याखाली धरली, तर रुपया तळाशी बसला होता आणि वर स्वच्छ बर्फ.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. गेले की नाही खडे नाल्यात. आठ दिवस राबून केलेलं एका दुपारच्या लाईटनं खाल्लं. आता सोमवारी भरवणार काय आणि जाणार कशी? ही बातमी सुनेला उठवून सांगावी अशी तिला घाई झाली होती, पण त्याआधी लाईट किती वेळ गेली होती ते कळावं म्हणून ती ओट्यावर गेली.

"छगन, लाईट कई गेलती रे आज?"

"गेलीच नाही, अक्का. सकाळपास्नं गिरणी चालू होती. लग्नसराईचं दळण, दम नाही घेऊ दिला लोकांनी."

बेबाबाई माघारी वळली. मग तिला दोरीवर पोछ्याचं फडकं वाळत टाकलेलं दिसलं. सकाळी ते बादलीत होतं. ती आत गेली. फ्रीजखालची फरशी, जिथं कायम धूळ असायची, ती चकचकीत पुसलेली होती. या घरात पुरुषानं फडकं हातात घेतल्याचं तिनं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आज घेतलं होतं, आणि का घेतलं होतं ते तिला कळलं.

भूपेंद्र मागच्या अंगणात बाजेवर पडला होता.

"फ्रीज कई बंद केला?"

"मी कशाला बंद करू? लाईट गेली असंल."

"छगनची गिरणी तुझ्या सासऱ्याच्या लाईटवर चालते का?"

तो उठून बसला. मोबाईल उलटा ठेवला. "तुम्ही गेल्यावर केला. दार जरा उघडं ठेवलं. दुपारी परत चालू केला."

"चालू काहून केला?"

"दूध नासलं असतं ना. आणि तिला कळलं असतं."

"आन् तिले कळलं नसतं तं? पुन्हा गोठलेलं ते पोरीच्या पोटात गेलं असतं."

"एवढा विचार नाही केला," तो म्हणाला. "मला वाटलं चव बिघडेल, पिंटी थुंकेल, मग मयुरीच म्हणेल की राहते घरी."

एवढा विचार नाही केला. सहा फूट वाढलेला माणूस, बायकोला 'जाऊ नको' म्हणायला जीभ वळत नाही म्हणून सात महिन्यांच्या पोरीच्या पोटाआड लपला होता. त्या रुपयाचंही त्याला ठाऊक नव्हतं, नाहीतर तो त्यानं परत वर ठेवला असता. आठ दिवस ज्या वाटीवर घर हसत होतं, तिचा विषयही याच्या कानावर गेला नव्हता. बेबाबाईला त्याची किळस आली. पोटच्या पोराची किळस येते, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"आता माझ्यावर कशाला डोळे वटारते?" भूपेंद्र म्हणाला. "तूच म्हणत होती ना, नाल्यात फेकायच्या लायकीचं आहे. मला वाटलं तुलाबी बरं वाटंल."

खोटं काय होतं त्यात? दहा मिनिटांपूर्वी वाटी हातात घेऊन बेबाबाई स्वतःच खूश झाली होती.

ती आत गेली. सगळ्या पिशव्या पातेल्यात रिकाम्या केल्या, भोपळा, दुधी, डाळ, गाजर, सगळं एकात एक, आणि गॅसवर ठेवलं. मीठ घातलं नाही. मग ताट वाढलं, भाकरी न ठेवता, आणि भूपेंद्रच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"खा. नाल्यात नाही फेकायचं, घरात माणूस असताना."

त्यानं दोन घास घेतले आणि आईकडे पाहिलं. ती समोर बसून होती. तो खात राहिला.

आवाजानं मयुरी उठून दारात आली. तिनं ताट पाहिलं, गॅसजवळच्या रिकाम्या पिशव्या पाहिल्या, आणि मग वाटी उचलून तळ पाहिला.

"लाईट गेली होती?" तिनं विचारलं.

"सांग तिले," बेबाबाई म्हणाली.

भूपेंद्रनं ताटाकडे बघत सांगितलं. अर्धंच सांगितलं, पण मयुरीला पुरलं. ती सासूकडे वळली आणि म्हणाली, "मग आता सोमवारी मी कशी जाऊ, आई?"

"जाशील. उद्या रविवार हाय. भोपळा मी आनते, सोलील हा. तू चिठ्ठ्या लिव्ह."

रविवारी भूपेंद्रनं तीन भोपळे सोलले. बेबाबाईनी वाफवले, आणि वाटताना एक चमचा चाटून म्हणाली की बेचव ते बेचवच. सोमवारी मयुरी सातच्या बसनं गेली. दुपारी तिचा फोन आला, पिंटीनं खाल्लं का म्हणून.

"खाल्ले तुझे खडे," बेबाबाई म्हणाली. "थुंकली नाही."

आणखी एक खवचट शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण बाजेवर भूपेंद्र पडला होता. त्याच्याकडे बघून तिनं तो शब्द गिळला आणि फोन ठेवला.